नर्स म्हणवून घ्यायला 23 वर्षं

मांजरीच्या नसबंदीचं ऑपरेशन चालू आहे. डॉक्टर पोटाच्या टाक्यांत गुंतलेत. डोक्याशी उभी असलेली नर्स मात्र जखमेकडे बघत नाही. ती मांजरीचा ओठ वर करून हिरडीवर बोट दाबते आणि सोडते. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. मग पापणीच्या कोपऱ्याला हलका स्पर्श. पापणी झटकन मिटली तर भूल उतरतेय. एवढासा जीव, त्यात पोटावरचे केस काढलेले, त्यामुळे अंग भराभर गार पडतं. म्हणून तापमान बघायचं, नाडी बघायची, श्वास मोजायचा आणि दर पाच मिनिटांनी तक्त्यात आकडे मांडायचे. हे सगळं नीट झालं की काहीच घडत नाही. संध्याकाळी घरची माणसं येतात, डॉक्टरांचे आभार मानतात आणि मांजर घेऊन जातात.

काहीच घडू न देणाऱ्या या माणसाचा गौरव कसा करायचा, हा प्रश्न ब्रिटनमध्ये उशिरा विचारला गेला. आधी नावाचंच घोडं अडलं होतं. रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्स या संस्थेने 1961 साली या कामाचं रीतसर प्रशिक्षण सुरू केलं, पण ‘नर्स’ हा शब्द कायद्याने माणसांच्या शुश्रूषेसाठी राखीव होता. म्हणून ते प्रशिक्षण घेणाऱ्या मुलींना ‘ॲनिमल नर्सिंग ऑक्झिलरी’, म्हणजे शुश्रूषेतल्या मदतनीस, म्हणायचं ठरलं. 1965 साली त्यांची संघटना उभी राहिली. ‘व्हेटरनरी नर्स’ हे नाव मिळालं ते 1984 मध्ये. नंतर 1991 च्या कायदेबदलाने डॉक्टरांच्या सूचनेनुसार काही उपचार आणि किरकोळ शस्त्रक्रिया करण्याची मुभाही मिळाली.

याच देशात युद्धात कामगिरी करणाऱ्या प्राण्यांना 1943 पासून डिकिन पदक दिलं जातं, आणि पहिली तीन पदकं कबुतरांना मिळाली. कबुतरांचा तो मान मला मनापासून आवडतो. प्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना मात्र रॉयल कॉलेजचा खास पुरस्कार मिळायला 2011 साल उजाडलं. प्रशिक्षणाला 50 वर्षं झाली म्हणून तो ‘गोल्डन ज्युबिली’. एखाद्या गाजलेल्या केसवर तो मिळत नाही. अनेक वर्षांची सेवा, प्राण्यांच्या शुश्रूषेत घडवलेला फरक आणि इतरांना दिलेली उमेद हे त्यात पाहिलं जातं. जवळून काम पाहिलेल्या कुणीतरी नाव सुचवायचं असतं, आणि मला वाटतं पुरस्काराचं खरं मोल तिथेच आहे. हिरडीवरचं ते बोट फक्त शेजारी उभ्या असलेल्या माणसालाच दिसतं.

हे काम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा गौरव तर मी आणखी महत्त्वाचा मानते. ब्रिटनमध्ये शिकाऊ नर्सला दवाखान्यात किमान 1,800 तास काढावे लागतात. पिंजरे धुणं, घाबरलेल्या कुत्र्याला न दुखवता धरून ठेवणं, सलाइनचा वेग मोजणं हे सगळं त्यात येतं. ‘हे काम आपल्याच्याने होणार नाही’ असं वाटतं ते याच दिवसांत. तेव्हा मिळालेली एक शाबासकी माणसाला या कामात टिकवून ठेवते.

आपल्याकडे परळच्या बैलघोडा हॉस्पिटलपासून गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत हीच कामं करणारे हात आहेत. सरकारदरबारी ‘व्रणोपचारक’ असं एक देखणं पदनाम आहे, लोकांच्या तोंडी मात्र ‘कंपाउंडर’. राष्ट्रीय गोपाल रत्न पुरस्कारांत 2021 पासून कृत्रिम रेतन तंत्रज्ञांचा सन्मान होतो, ही मोठी गोष्ट आहे. तोच सन्मान आता जखमा धुणाऱ्यांपर्यंतही पोचायला हवा.

आमच्या कुत्रीला पार्व्हो झाला तेव्हा पाच दिवस तिला सलाइन चढत होतं. तिसऱ्या दिवशी नस सापडेना. कंपाउंडरने दुसऱ्या पायावरचे केस भादरले, अंगठ्याने वरून दाब दिला आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत सुई अलगद आत सरकवली. ती हललीसुद्धा नाही. ती फाइल अजून घरात आहे. पानोपानी डॉक्टरांची सही आहे. त्याचं नाव मी तेव्हा विचारलं नाही आणि फाइलमध्येही ते कुठे नाही.