कान ऐकतो की शब्द?

'कानांनी ऐकले' असे आपण सहज म्हणतो. परंतु बोलणे ऐकण्याचे काम एकटा कान करीत नाही. आधीपासून ठाऊक असलेले शब्दही त्याला हात देतात.

१९७० साली रिचर्ड वॉरेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. ध्वनिमुद्रित वाक्यातील 'लेजिस्लेचर्स' या शब्दातला पहिला 'स' त्याने कापला व त्या जागी खोकल्याचा आवाज भरला. ऐकणाऱ्या २० जणांपैकी १९ जण म्हणाले, काहीच गळलेले नाही! खोकला नेमका कोठे आला, हेही त्यांना सांगता येईना.

१९८० साली विल्यम गॅनाँग याने 'ट' आणि 'ड' यांच्या मधला, धड इकडचा ना तिकडचा, असा आवाज घेतला. पुढे 'आस्क' आले की लोकांना बहुधा 'टास्क' ऐकू येई, कारण 'डास्क' असा शब्दच नाही. पुढे 'ॲश' आले की तोच आवाज 'डॅश'मधला 'ड' वाटे. आपल्याकडचे उदाहरण कल्पून पाहू. 'क' व 'ग' यांच्या मधला आवाज 'आपूस'च्या आधी आला तर आपण 'कापूस' ऐकू. 'अवत'च्या आधी आला तर 'गवत'. आवाज स्वच्छ असेल तर मात्र शब्दाचे फारसे चालत नाही; संशयाच्या जागीच तो कौल देतो.

आपल्या वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. 'डोया दुखते' म्हटले तर परका माणूसही 'डोळा' समजतो, कारण 'डोया' हा शब्द त्याच्याजवळ नाही. पण 'मोत्याची माय' म्हटले की तो अडखळतो. 'माय' हा शब्द त्याच्या मनात आधीच बसलेला असतो. आपल्याला मात्र तेथे माळच दिसते.

हे वर्गालाही लागू आहे. नेरच्या आसपासच्या खेड्यांतून येणारे आमच्यापैकी पुष्कळ जण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले. 'सार्वभौमत्व' हा शब्द घरी कधी कानावर पडलेला नसतो. पंख्याच्या घरघरीत त्यातले एखादे अक्षर बुडाले, तर ज्याला शब्द ठाऊक आहे त्याचे ते नकळत भरून निघते. दुसऱ्याच्या वहीत मात्र भलतेच काही उतरते. कान दोघांचेही सारखेच! म्हणून 'लक्ष नव्हते' असा ठपका ठेवण्यापूर्वी गुरुजनांनी नवा शब्द फळ्यावर लिहावा, दोनदा उच्चारावा. आणि आपणही तो मोठ्याने म्हणून पाहावा. एकदा शब्द आपला झाला, की पुढच्या वेळी कान त्याला गोंगाटातही ओळखील.