शंखातला खेकडा आणि आपलं मन

बालमित्रांनो, नवापूरच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कधी फिरला आहात का? ओल्या वाळूवर एखादा शंख चक्क चालताना दिसतो! हात लावायला जावं, तर जागच्या जागी थांबतो. आत असतो एक खेकडा. त्याचं पोट फार मऊ असतं, म्हणून तो गोगलगाईचा रिकामा शंख पाठीवर घेऊन हिंडतो. धोका वाटला की सुर्रकन आत. धोका टळला की पुन्हा बाहेर.

आपलं मनही असंच मऊ असतं, बरं का! अपमान, भीती, अपयश, दुःख यांचा धक्का बसला, की तेही कुठल्या तरी शंखात शिरतं. गंमत म्हणजे ते कधी शिरलं, हे आपलं आपल्यालाच कळत नाही. मानसशास्त्रात याला 'संरक्षण यंत्रणा' म्हणतात. व्हिएन्ना शहरातले डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ साली ही कल्पना मांडली. त्यांची धाकटी मुलगी ॲना. या ॲनाबाई आधी प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. पुढे त्या मुलांच्या मनाचा अभ्यास करू लागल्या आणि १९३६ साली त्यांनी या यंत्रणांवर एक पुस्तकच लिहिलं.

पण आपल्या आज्या-पणज्यांनाही हे शंख चांगले ठाऊक होते. म्हणी आठवा पाहू!

समजा, आपला बंड्या शर्यतीत हरला. म्हणतो काय, "मैदानच खडबडीत होतं!" नाचता येईना, अंगण वाकडं. हे झालं 'समर्थन'.

चिंगी मनातून मैत्रिणीवर जळते आणि सगळ्यांना सांगते, "तीच माझ्यावर जळते." आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. हे 'प्रक्षेपण'.

बोईसरच्या एखाद्या कारखान्यात रात्रपाळीला साहेब बाबांवर ओरडले. साहेबांना उलट कसं बोलणार? सकाळी बाबा आईवर चिडले, आई ताईवर, ताई बंड्यावर, आणि बंड्यानं अंगणातल्या मांजराला लाथ मारली. वड्याचं तेल वांग्यावर! हे 'विस्थापन'. बिचाऱ्या मांजराचा काय गुन्हा? ही साखळी कुणीतरी तोडायला हवी. बंड्याही तोडू शकतो. "ताई, तू नक्की कुणावर रागावली आहेस गं?" एवढं शांतपणे विचारलं, तरी पुष्कळ झालं.

आईबाबांनो, आता थोडं तुमच्यासाठी. घरात नवं बाळ आलं, की शाळेत जाणारा दादा पुन्हा बोबडं बोलू लागतो, कधी अंथरूणही ओलं करतो. तो नाटक करत नसतो. आपलं माणूस वाटलं जाईल, या भीतीनं त्याचं मन मागच्या वयात जाऊन बसतं. त्याला मार नको, रोज थोडा वेळ फक्त त्याचा असा हवा.

मग हे शंख वाईट का? मुळीच नाही! समजा, एखाद्या घरातला माणूस मासेमारीला गेला आणि समुद्रातच दगावला. त्याचं मूल म्हणतं, "बाबा उद्या येतील." जेवताना त्यांचं ताटही मांडतं. या शंखाचं नाव 'नकार'. त्या मुलाला "खोटं बोलू नकोस" असं दटावू नये. एवढं मोठं दुःख एकदम पेलत नाही, म्हणून मन ते थोडं थोडं आत घेतं. "हो, येतील हं," अशी खोटी आशाही दाखवू नये. जवळ बसावं, काय घडलं ते सोप्या शब्दांत सांगावं. त्यानं दहा वेळा विचारलं, तर दहा वेळा सांगावं.

खेकडा मोठा झाला, की जुना शंख त्याला अपुरा पडतो. मग तो दुसरा शोधतो. आपणही मोठे होतो ना? राग आला की किनाऱ्यावर धावून यावं, चित्र काढावं, वहीत लिहावं. रागाला असं चांगल्या कामाला लावणं म्हणजे 'उदात्तीकरण'. हाही शंखच, पण ऐसपैस!

मात्र एक पथ्य पाळा. ही नावं दुसऱ्याला चिडवायला वापरू नका. शंख ओढला, की खेकडा आणखीच आत जातो.

आणि कधी खूप दिवस झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, शाळेत जावंसंच वाटत नसेल, तर ते मनात दडवू नका. आईबाबांना सांगा, बाईंना किंवा सरांना सांगा. १४४१६ हा 'टेली मानस'चा सरकारी फोन २०२२ साली सुरू झाला. तिथे रात्री-अपरात्रीसुद्धा मोफत बोलता येतं, आणि मराठीतही बोलता येतं. ताप आल्यावर आपण डॉक्टरांकडे जातो, त्यात कुणी लाजतं का? तसंच हे.

आता या आठवड्याचा गृहपाठ. स्वतःचा फक्त एक शंख पकडायचा. राग आला किंवा सबब तोंडावर आली, की मनाला विचारायचं, "मला खरं तर काय वाटतंय?" उत्तर कुणाला सांगितलं नाही तरी चालेल. स्वतःला मात्र खरं सांगायचं. जमेल ना?