भावनांचे रक्षण की नागरिकांचे?

धार्मिक भावना बुद्ध्या दुखावल्याबद्दल शिक्षा सांगणारे कलम २९५-अ दंडविधानात आले ते १९२७ साली. लाहोरच्या राजपाल नावाच्या प्रकाशकाने पैगंबरांची टवाळी करणारी ‘रंगीला रसूल’ ही पुस्तिका काढली होती. समाजासमाजांत वैर पसरविण्यासंबंधीचे कलम १५३-अ तिला लागू पडत नाही, असे म्हणून उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले आणि त्यावर उसळलेल्या क्षोभातून नवे कलम जन्मास आले. राजपालचे प्राण मात्र त्याने वाचले नाहीत; १९२९ मध्ये त्याचा खून झाला. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले, आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून नांदत आहे.

मुसलमानांचा संरक्षक कायदा अशी त्याची ख्याती आहे. पण तो रक्षण करतो ते श्रद्धेच्या प्रतिष्ठेचे. श्रद्धा बाळगणाऱ्या माणसाचे नव्हे. हा भेद वरवर बारीक वाटला, तरी महाराष्ट्राला तो परका नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत काढला आणि तोंडी तलाक बंद करण्याची मागणी केली. पुढे १९७० मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. भावना हाच निकष मानला असता, तर दलवाईंना तोंड उघडता आले नसते; कारण त्यांच्या बोलण्याने भावना खरोखरच दुखावत होत्या. पण त्या सात स्त्रियाही मुसलमानच होत्या! त्यांच्या मागणीला सर्वोच्च न्यायालयाचा दुजोरा मिळायला २०१७ साल उजाडले. अल्पसंख्याकांचे रक्षण म्हणजे त्यांच्या पुढाऱ्यांच्या रोषाचे रक्षण, असे समजणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य पाहावा.

याहून निराळी अशी एक वाणी असते. ती धर्मग्रंथाला वा प्रेषिताला हातही लावीत नाही. शेजारचा माणूस देशद्रोही आहे, त्याच्याकडून सौदा घेऊ नका, त्याला जागा देऊ नका, एवढेच ती सांगते. तत्त्वचर्चेशी तिचा संबंध नाही. माणसाचे नागरिकत्व उणे करणे हेच तिचे काम. कायद्याची धार खरी हवी ती येथे, आणि नेमकी येथेच ती बोथट आहे.

१९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींत ९०० माणसे मेली. त्यांपैकी ५७५ मुसलमान व २७५ हिंदू, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदविले. त्या काळातील ‘सामना’च्या अग्रलेखांबद्दल कलम १५३-अ खाली खटले भरावेत, म्हणून माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा उच्च न्यायालयात गेले. रोख सर्व मुसलमानांवर नसून राष्ट्रविरोधी मुसलमानांवर आहे, असे म्हणून न्यायालयाने १९९४ मध्ये अर्ज फेटाळला. २००० साली बाळासाहेब ठाकरे यांना या लेखनाबद्दल अटक झाली, तेव्हा खटल्याची मुदत उलटून गेली होती. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना त्याच दिवशी मुक्त केले. अशा खटल्याला सरकारची पूर्वमंजुरी लागते. ही अट नव्या संहितेतही कायम आहे. म्हणजे कोणाचे भाषण विखारी हे प्रथम ठरविणार सत्ताधारी पक्ष!

या कारणास्तव, शासनाच्या हाती अधिक कलमे देणे घातक, असा आक्षेप घेतला जातो. तो निरर्थक नाही. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकावर २००४ मध्ये घातलेली बंदी न्यायालयांनी उठविली, तोवर भांडारकर संस्थेची मोडतोड होऊन गेली होती. म्हणून गुन्ह्याची व्याख्या रुंद नको, अरुंद हवी: एखाद्या समाजाविरुद्ध हिंसेची वा बहिष्काराची चिथावणी, एवढीच. विधी आयोगाने २०१७ च्या अहवालात भेदभावाच्या चिथावणीचाही विचार केला होता.

आणि भेदभाव रोखण्यासाठी भाषणावर बंदीच हवी असे नाही. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे. राहत्या घराचा नाही. सहकारी गृहसंस्थेने सभासदत्व एका समाजापुरते राखले तर मूलभूत हक्कांचा भंग होत नाही, असा निर्णय २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या खटल्यात लागला. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली. तसा आयोग काही झाला नाही. आडनाव ऐकून ‘जागा गेली’ म्हणणाऱ्या घरमालकाविरुद्ध पुण्यामुंबईच्या कारकुनाने वा शिक्षकाने कोणत्या कचेरीत अर्ज द्यावा, याचे उत्तर कोणत्याही संहितेत नाही.