१४ किलोंची नाव

एका माणसाची शर्यतीची नाव पहिल्यांदा जवळून पाहिली की तिच्यात माणूस बसतो यावर विश्वास बसत नाही. लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास, म्हणजे सत्तावीस फूट. एसटीच्या लाल गाडीपेक्षा आखूड. आणि रुंदी? बसणाऱ्याच्या खांद्यांपेक्षा कमी, जेमतेम फूटभर. दोन्ही टोकं निमुळती होत होत सुईसारखी झालेली. पुढच्या टोकाला लिंबाएवढा पांढरा रबरी चेंडू बसवलेला असतो, कारण ते टोक कुणाच्या पाठीत घुसलं तर काय होईल हे सांगायला नको. नियमाप्रमाणे तिचं वजन १४ किलोंपेक्षा कमी नसावं. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये नुसता गॅस भरतात १४.२ किलो, लोखंडी टाकी वेगळी. म्हणजे ऑलिंपिकची ही नाव त्या गॅसपेक्षाही हलकी असू शकते. कार्बन फायबरची ही कात डोक्यावर घेऊन खेळाडू एकटाच पाण्यापर्यंत चालत जातो.

तिला सिंगल स्कल म्हणतात. दोन हातांत दोन वल्ही, प्रत्येक वल्हं साडेनऊ फुटांच्या आसपास. बैठक चाकांवर असते, दोन रुळांवरून पुढे-मागे सरकते. बूट मात्र नावेलाच जखडलेले असतात, पाय त्यात घालायचे. शिवाय माणूस बसतो उलटा: तोंड मागे आणि पाठ शर्यतीच्या शेवटाकडे. किती अंतर राहिलं ते त्याला दिसत नाही, कोण मागे पडलं एवढंच दिसतं. पुढे असणाऱ्याला सगळे दिसतात. मागे असलेल्याला कुणीच दिसत नाही, नुसता पुढे गेलेल्यांच्या नावांनी हललेला पाण्याचा पट्टा.

वल्ही सोडली तर ही नाव सेकंदभरात उलटते. डोंबारी दोरीवर चालताना हातात आडवी काठी धरतो, ते काम इथं वल्ह्यांचं. दोन्ही मुठी मध्यावर एकमेकींवरून जातात, तेव्हा डावा हात उजव्याच्या जरासा वर ठेवावा लागतो; नवख्याच्या बोटांची पेरं त्यातच सोलवटतात. वल्ह्याचं पातं चुकीच्या कोनात पाण्यात रुतलं तर मूठ उलटून पोटात बसते. त्याला वल्हवणारे ‘क्रॅब पकडला’ म्हणतात, म्हणजे खेकडा पकडला. जोरातला खेकडा माणसाला नावेबाहेर फेकतो.

बघणाऱ्याला वाटतं, हे हातांचं काम आहे. तसं नाही. बराचसा जोर पायांचा. गुडघे छातीशी घेऊन माणूस बसतो, पाती पाण्यात टाकतो, पायांनी ढकलतो, मग पाठ उघडते, आणि अगदी शेवटी हात छातीकडे येतात. यातली गंमत वेगळीच आहे. वल्ही पाण्यात असताना नाव ढकलली जाते हे खरं, पण ती सगळ्यात जोरात पळते ती त्यानंतर, वल्ही हवेत असताना. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते, हे आपण घाटावर पाहिलेलं असतं. तसंच इथं. नव्वद किलोंचा माणूस १४ किलोंच्या नावेत बैठकीवरून मागच्या टोकाकडे सरकू लागला की नाव त्याच्याखालून पुढे निसटते. तो घाईने सरकला तर टोकाला पोचल्यावर त्याचं वजन नावेला धक्का देतं आणि तिचा वेग खातं. म्हणून ओढताना सगळा दम लावायचा आणि परतताना मांजराच्या पावलांनी यायचं. मिनिटाला तीस-पस्तीस वेळा, दोन हजार मीटरमध्ये सव्वादोनशे ते अडीचशे वेळा. सात मिनिटं.

हे लिहिण्याआधी एकदा अनुभव घ्यावा म्हणून नाशकातल्याच एका जिममध्ये रोइंग मशिनवर बसलो. पंखा असतो, साखळी असते, समोर छोटा पडदा. पहिली शंभर मीटर मजेत गेली. दोनशेला मांड्या पेटल्या. तीनशेला मी पडद्यावरचा आकडा बघायचं सोडलं, आणि पाचशेला खाली उतरलो तेव्हा शेजारी बाक आहे याचं फार बरं वाटलं. खेळाडूंची चाचणी याच मशिनवर दोन हजार मीटरची होते, आणि जगभर निवडीत तिची वेळ मोजली जाते. मशीन बुडत मात्र नाही. पाण्यावरचा अर्धा खेळ तिथं वगळलेलाच असतो.

आता नाशिकचा आणि याचा संबंध काय? नाशकाला समुद्र नाही. गोदावरी आहे, गंगापूरचं मातीचं धरण आहे, त्यावर पर्यटन महामंडळाचा बोट क्लब आहे, आणि केटीएचएम महाविद्यालयाच्या बोट क्लबामुळे रोइंग हा शब्द शहरात अगदीच अनोळखी नाही. पण मराठीत आपण शिडाच्या होडीलाही ‘नौकानयन’ म्हणतो आणि वल्ह्याच्या होडीलाही, त्यामुळे बातम्या वाचणाऱ्याचा नेहमी गोंधळ होतो. शिडाचा खेळ किनाऱ्यावरच्यांचा. मुंबईचे फारोख तारापोर १९८४, १९८८ आणि १९९२ अशा तीन ऑलिंपिकमध्ये ४७० नावाच्या दोघांच्या होडीतून उतरले. २००४ साली मालव श्रॉफ आणि सुमीत पटेल ‘४९अर’ जातीची होडी घेऊन अथेन्स ऑलिंपिकला गेले. कॅटमरान म्हणजे जोडबुडाच्या शिडाच्या होडीची तर निराळीच कथा. शब्द तमिळ, ‘कट्टुमरम’, बांधलेली लाकडं. ऑलिंपिकमध्ये टोर्नाडो जातीची कॅटमरान १९७६ ते २००८ पर्यंत होती, २०१६ पासून नाक्रा १७ आली, एक पुरुष आणि एक स्त्री अशा जोडीची. ज्या देशाच्या भाषेने जगाला हा शब्द दिला, त्या देशाचा एकही संघ अजून कॅटमरानमधून ऑलिंपिकला पोचलेला नाही. वल्ह्याच्या नावेतून मात्र एक खेळाडू पोचला, आणि तोही समुद्रकाठाहून नव्हे, चांदवड तालुक्यातून.

चांदवड मुंबई–आग्रा महामार्गावर. रेणुकादेवी, अहिल्याबाईंचा रंगमहाल, कांदा. आणि पाण्याची ओढाताण. तळेगाव रोही हे याच तालुक्यातलं गाव. दत्तू बबन भोकनळ तिथला, जन्म १९९१ चा. वडील दगड फोडायचे, विहिरी खोदायचे. दत्तू शाळकरी वयापासून त्यांच्या हाताखाली.

विहिरीचं काम ज्याने पाहिलं नाही त्याला ते सांगून कळत नाही. वरची माती गेली की मुरूम लागतो, मुरूम संपला की काळा पाषाण. सुरुंग उडवायचा, धूर बसायची वाट बघायची, मग खाली उतरून पहारीने सैल दगड काढायचे, डबर भरायचा आणि काठावरच्या यारीने वर खेचायचा. पन्नास-साठ फूट खाली उन्हाळ्यात हवा हलत नाही. वर बघितलं की आभाळाचा एक गोल तुकडा. एवढं करून पाणी लागेलच याची खात्री नाही. या भागात पाणी म्हणजे खाली असलेली, मिळाली तर मिळाली अशी गोष्ट. त्यावर आडवं तरंगत शर्यत लावायची कल्पना इथल्या पोराला सुचण्याचं कारणच नव्हतं.

विहिरी खोदल्या म्हणून वल्ही मारता येतात, असा चमत्कार मी सांगत नाही. तसं असतं तर निम्मा चांदवड तालुका ऑलिंपिकला गेला असता. पण जड ओझं हाताने उचलायचं नसतं, पायाने उचलायचं असतं, हे ज्याच्या अंगात लहानपणीच मुरलं, त्याला या नावेतली पहिली गोष्ट शिकवावी लागत नाही.

दत्तूचे वडील २०११ मध्ये गेले, कर्करोगाने. घर चालवायला पगार हवा होता. २०१२ मध्ये दत्तू सैन्यात भरती झाला, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये. सहा फुटांहून चांगला उंच, म्हणून आधी बास्केटबॉल. तिथून प्रशिक्षक कुदरत अली यांनी त्याला पाण्याकडे वळवलं. पाण्याची त्याला भीती वाटायची, हे त्याने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं आहे.

पुण्यात या खेळाची मुळं जुनी. अभियांत्रिकी महाविद्यालयाची रेगाटा १९२८ पासूनची. पण ऑलिंपिकचा रस्ता आता दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमधल्या आर्मी रोइंग नोडवरून जातो. पहाटे पाण्यावर, दुपारी मशिनवर, संध्याकाळी पुन्हा पाण्यावर. फौजेने या खेळात केलेलं काम मला मोलाचं वाटतं, कारण एक नाव लाखांत जाते आणि कुठल्याही शेतमजुराच्या पोराला ती स्वतःच्या पैशाने मिळणार नाही. शिडाच्या होडीला निदान क्लबांची, श्रीमंत हौसेची परंपरा आहे. भारतीय रोइंग बव्हंशी जवानांचं.

२०१४ च्या राष्ट्रीय स्पर्धेत दोन सुवर्ण, २०१५ मध्ये बीजिंगच्या आशियाई अजिंक्यपदात एकेरीचं रौप्य. वल्हं हाती धरून तीनच वर्षं झाली होती.

आता निवडीची भानगड. ऑलिंपिकची जागा माणसाला मिळत नाही, देशाला मिळते. त्या जागेवर कोण बसेल ते देश ठरवतो. आणि एकेरीत देशाला जागा एकच. म्हणून खरी शर्यत आधी छावणीतच लागते. ज्याच्याबरोबर पहाटे चहा घेता, ज्याच्या नावेचं दुसरं टोक उचलता, त्याच्याशीच. लंडन २०१२ मध्ये भारताच्या एकेरीच्या नावेत पंजाबचा स्वर्ण सिंग होता. २०१४ च्या इंचॉन आशियाई खेळात त्याने कांस्य आणलं. रिओ ऑलिंपिकच्या वेळी ती बैठक दत्तूकडे आली. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या चुंगजूला आशिया-ओशनियाची पात्रता फेरी झाली. दत्तूची आई तेव्हा अपघातानंतर बेशुद्ध अवस्थेत होती. तो ७ मिनिटं ७.६३ सेकंदांत दुसरा आला आणि पात्र ठरला.

रिओमध्ये शर्यती लागोआ रॉड्रिगो द फ्रेतास या शहराच्या मधल्या खाजणात होत्या, माथ्यावर कोर्कोवादो डोंगरावरचा ख्रिस्ताचा पुतळा. भारताचा रोइंगमधला तो एकटाच. पहिल्या दिवशी वारा असा की सर्बियाची दोघांची नाव उलटली. दुसऱ्या दिवशीच्या शर्यती रद्दच झाल्या. त्या पहिल्या दिवसाच्या लाटांत दत्तू ७:२१.६७ मध्ये तिसरा आला आणि उपांत्यपूर्व फेरीत गेला. तिथे वेळ चांगली पडली, ६:५९.८९, पण क्रमांक चौथा. पुढे तिघे जातात.

मग जे होतं ते या खेळाची रीत माहीत नसणाऱ्याला विचित्र वाटतं. पदकाची आशा संपली तरी शर्यती संपत नाहीत. मागे पडलेल्यांच्याही फायनल होतात, सी फायनल, डी फायनल, आणि प्रत्येकाला नेमका क्रमांक मिळेपर्यंत वल्हवावं लागतं. दत्तूने सी फायनल जिंकली, ६:५४.९६. बत्तिसांत तेरावा. एकेरीत तोवर कुठल्याच भारतीयाला एवढ्या वर जाता आलं नव्हतं. त्याच पाण्यावर सुवर्णपदकाच्या शर्यतीत न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन दोघांचीही वेळ ६:४१.३४ पडली, फोटो बघून ड्रायस्डेलला सुवर्ण दिलं. पुढच्या टोकावरचा तो रबरी चेंडू अशा वेळी उपयोगी पडतो. ड्रायस्डेल आणि दत्तू यांच्यातलं अंतर पावणेचौदा सेकंदांहून किंचित कमी. नाशिकच्या पेपरांत तेव्हा तेराव्या क्रमांकाच्याही मोठ्या बातम्या आल्या, आणि एरवी पदकाखेरीज कशाकडे न बघणाऱ्या आपल्या लोकांनी त्या कौतुकाने वाचल्या.

२०१८ चा आशियाई खेळ दत्तूसाठी सरळ गेला नाही. पालेम्बांगच्या जकाबारिंग तलावावर एकेरीच्या फायनलमध्ये तो सगळ्यांत शेवटी आला. अंगात ताप होता, असं त्याचं म्हणणं. मध्येच वल्ही थांबवल्यावरून पुढे २०१९ मध्ये रोइंग महासंघाने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली, २०२० च्या सुरुवातीला ती उठवली. त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. बंदी आणि पुरस्कार एकाच माणसाच्या खात्यात इतक्या जवळ आलेले आपल्याकडे क्वचित दिसतात. त्या नावेत नक्की काय झालं ते त्या नावेतल्यालाच ठाऊक. सिंगल स्कलमध्ये साक्षीदार नसतो.

एकेरीच्या त्या फायनलच्या दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, चौघांची शर्यत होती. नावेत दत्तू, ओम प्रकाश, सुखमीत सिंग आणि तोच स्वर्ण सिंग, लंडनचा. एका बैठकीसाठी ज्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांना हरवायचा प्रयत्न केला ते आता एकाच नावेत, पुढच्याच्या पाठीकडे बघत, आठ वल्ही एका क्षणी पाण्यात टाकत. ६ मिनिटं १७.१३ सेकंद. सुवर्ण.

चौघांच्या या नावेचं किमान वजन ५२ किलो. पाण्यातून काढून खांद्यावर घेतली की प्रत्येकाच्या वाट्याला येतात १३ किलो.