पावसाळ्यांतील सायकल आणि घरांतील पडसें

मृग नक्षत्र लागून पंधरवडा लोटला, कीं कल्याण तालुक्यांतील खेड्यापाड्यांत दोन तक्रारी घरोघर ऐकूं येऊं लागतात. एक, सायकल चालेनाशी झाली. दुसरी, पोरांस पडसें झालें. आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली, व तींतील बरींच वर्षें मुरबाड रस्त्यानें सायकल हांकण्यांत गेलीं. आतां मोटारसायकली व रिक्षा झाल्या. तथापि बांधावर जाण्यास, दुधाची किटली पोंचविण्यास व मुलांमुलींस शाळा गांठण्यास सायकल अद्याप पुष्कळ घरीं आहे. म्हणून या दोन्ही तक्रारींविषयीं अनुभवाचे चार शब्द वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम आमची फजिती सांगतों. ता. २६ जुलै २००५ च्या मंगळवारीं मुंबईस सांताक्रुझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच वेळीं उल्हास नदीचें पाणी कल्याणच्या सखल भागांत व नदीकांठच्या गांवांत शिरलें. आमचें बिऱ्हाड तेव्हां रायत्याच्या अलीकडे एका गांवांत होतें. आमची सायकल अंगणांत हँडलपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर पंचनाम्यांचें काम लागलें. तेव्हां वरवर धुऊन, पुसून तीच वापरूं लागलों. चाकांच्या आंत काय शिरलें आहे, हें पाहण्यास सवड कोणास होती!

पुढें आठवड्यानें घरांतील आठ महिन्यांच्या मुलीस पडसें झालें. ओव्याचा शेक दिला, छातीस तेल चोळलें, आणि दोन दिवस 'पडसेंच तें, उतरेल' असें म्हणत राहिलों. तिसऱ्या दिवशीं पहांटे ती दूध ओढीना. कल्याणास न्यावें म्हणून सायकल काढली, तों मागचें चाक बसलेलें. रिक्षा अद्याप सुरळीत झाल्या नव्हत्या. पंक्चर समजून टायर उतरविला, ट्यूब परातींतील पाण्यांत बोट बोट दाबून पाहिली. बुडबुडा कोठेंच निघेना. यांत तासाहून अधिक वेळ गेला. शेवटीं शेजारचे एक वृद्ध शेतकरी दूध काढून परत येत होते, ते थांबले व म्हणाले, "भाऊसाहेब, ट्यूब कशाला सोलताय? आधीं वॉल बघा ना." त्यांनीं थुंकीचें बोट व्हॉल्व्हच्या तोंडावर ठेवलें, तों फेस उठला. रबरी नळी कुजली होती. त्यांनीं आपल्या सायकलीची नळी काढून आम्हांस दिली, आणि पांच मिनिटांत आम्ही निघालों. मुलीस घेऊन पत्नी मागें कॅरिअरवर बसली होती.

डॉक्टरांनीं मुलीच्या अंगावरील कपडा दूर केला व घड्याळ हातांत धरून पुरतें एक मिनिट तिचे श्वास मोजले. ते ६२ भरले. श्वासागणिक बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जात होता. हें पडसें नसून न्युमोनिया आहे, असें त्यांनीं सांगितलें, आणि आणखी उशीर केला नाहीं हें बरें झालें, असेंही म्हणाले. मुलगी सहा दिवस दवाखान्यांत राहून बरी झाली. तो तास आम्हांस अजून आठवतो.

आतां त्या व्हॉल्व्हविषयीं. आपल्याकडील सळीच्या ब्रेकांच्या काळ्या सायकलींत पितळी नळीवर बारीक रबरी नळी चढविलेली असते. तिला दुकानांत वॉलट्यूब म्हणतात. पंपाची हवा आंत येतांना ती फुगून वाट देते, व नंतर आंतील दाबानें छिद्रावर घट्ट बसते. रबर जुनें झालें कीं हवा हळूहळू निसटते. रात्रीं भरलेलें चाक सकाळीं बसलेलें दिसल्यास टायरास हात लावण्यापूर्वीं येथें पाहावें. नवी नळी चढवितांना ती ओली करून घ्यावी, म्हणजे चुरमडत नाहीं. वीतभर नळी सीटखालच्या पिशवींत ठेवण्यास जागा ती किती लागते?

खरें पंक्चर असेल तर तें बहुधा बाभळीच्या काट्याचें असतें. ट्यूब जोडून झाली तरी टायराच्या आंतून बोट फिरविल्याशिवाय ती बसवूं नये. काट्याचें टोंक आंत राहिलें तर दुसरें पंक्चर त्याच जागीं ठेवलेलेंच. पॉलिश पेपरानें जागा घांसावी, सोल्युशन लावावें आणि तें बोटास चिकटेनासें होईपर्यंत थांबावें. उतावीळपणें ओल्यावरच ठिगळ दाबणारे आमच्या पाहण्यांत पुष्कळ आहेत, व त्यांचीं ठिगळें वाटेंत सुटतातही. हवेचें टायर १८८८ सालीं प्रचारांत आणणारा डनलॉप हा बेलफास्ट शहरांतील जनावरांचा डॉक्टर होता. मुलाच्या तीन चाकी गाडीस धक्के बसूं नयेत म्हणून त्यानें ही युक्ति काढिली. शेतकरी वाचकांस ही माहिती गंमतीची वाटेल.

पुराच्या पाण्यांत बुडालेली सायकल मात्र खोलल्याशिवाय चालवूं नये. गढूळ पाण्याबरोबर रेती छर्ऱ्यांत शिरते व कोन खाऊन टाकते. आमच्या सायकलीचा मागचा कोन त्याच वर्षीं दिवाळीपूर्वीं गेला. खालीं जुनें धोतर अंथरून चाक खोलावें, दोन्ही बाजूंचे छर्रे मोजून ठेवावे, रॉकेलांत किंवा डिझेलांत धुवावे, आणि कोरडे करून नव्या ग्रीसांत बसवावे. कोन किती आंवळावा याची खूण अशी: चाक उचलून धरलें असतां व्हॉल्व्हचा भाग आपल्या वजनानें आपोआप खालीं यावा, आणि रिम बाजूस हलविली तर खडखडूं नये. साखळीस ग्रीस चोपडूं नये, त्यांत चिखल धरतो. साधें तेल थेंबथेंब सोडून पुसून घ्यावें. यूरियाची किंवा सल्फेटाची गोण कॅरिअरवरून आणली असेल तर घरीं येतांच सायकल गोड्या पाण्यानें धुवावी. या खतांनीं लोखंडास गंज लवकर चढतो.

पावसांत लोखंडी रिम ओली असतां ब्रेक पुष्कळच कमी लागतो. उतार लागण्यापूर्वींच ब्रेक हलका दाबून रिम पुसून घ्यावी. ब्रेकचें रबर झिजून लोखंड रिमेस लागत असेल, तर दोन रबरांचे पैसे वाचवूं नयेत.

पडशासंबंधीं आमची समजूत अशी, कीं तें भिजल्यानेंच होतें. वस्तुतः तें विषाणूंमुळें होतें. एकाच्या शिंकेंतून व हातांतून दुसऱ्यास लागतें, आणि पावसाळ्यांत सगळीं एका घरांत कोंडून बसतात तेव्हां तें लवकर पसरतें. साधारणपणें आठ-दहा दिवसांत तें आपोआप बरें होतें. अँटिबायोटिक गोळ्यांचा विषाणूंवर कांहीं परिणाम नसल्यामुळें पडशासाठीं दुकानांतून त्या मागून आणणें व्यर्थ होय. घरचे उपाय रोग मारीत नाहींत. आराम मात्र देतात, आणि तोही कांहीं थोडा नव्हे. आमच्या घरीं चार पेले पाण्यांत ठेचलेलें आलें, गवती चहाचीं पातीं, तुळशीचीं पानें, चार मिरीं व गूळ घालून काढा करतात. लावणीहून परत आलेल्या माणसास त्यानंतर कुळथाचें कढण व मऊ भात मिळाला, तर रात्रीं झोंप लागते. घसा धरला असतां कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्या.

लहान मुलांचें प्रकरण वेगळें आहे. वर्षाच्या आंतील बाळास मध मुळींच चाटवूं नये. त्यांतून विषबाधेचा एक भयंकर प्रकार होऊं शकतो. कापूर बाळाच्या नाकापाशीं धरूं नये व छातीसही लावूं नये. ओव्याची पुरचुंडी आधीं आपल्या मनगटास लावून पाहावी. वाफाऱ्याचें पातेलें मुलांच्या वाऱ्यासही असूं नये. उकळतें पाणी अंगावर सांडून भाजण्याचें भय फार असतें. खोकल्याचें औषधही आपल्या मनानें देऊं नये. २०२५ सालीं मध्य प्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हें विष मिसळलेल्या अशा औषधानें अनेक बालकें दगावलीं.

श्वास मोजणें कोणासही जमण्यासारखें आहे. मूल शांत असतांना पुरतें एक मिनिट मोजावें. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर काढा बाजूस ठेवून डॉक्टर गांठावा. छाती आंत ओढली जात असेल, मूल दूध घेत नसेल किंवा जागें करूनही जागें होत नसेल, तर मोजीत बसण्याचेंही कारण नाहीं. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ती येण्यास उशीर दिसल्यास शेजाऱ्याची मोटारसायकल मागण्यास संकोचूं नये.