सात दिवसांच्या सागरापलीकडचे गाव

ज्या गावाला एस.टी. जात नाही, रेल्वे जात नाही आणि विमानही उतरत नाही, अशा गावाला पाहुणे म्हणून जायचे झाले तर? बोटीत बसून सात-आठ दिवस नुसता समुद्र पाहायचा. आणि गाव डोळ्यांसमोर आले तरी लाटा उसळलेल्या असतील तर बोटीतच थांबायचे! असे एक गाव आजही आहे. दक्षिण अटलांटिक महासागरातील ‘त्रिस्तान द कुन्हा’ या बेटावरचे ते एकुलते एक गाव. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या केपटाऊन बंदरापासून ते सुमारे २,८०० किलोमीटर दूर आहे. गावाची वस्ती अडीचशेच्याही आत.

वाचकहो, या बेटाचे नाव आपल्या इतिहासालाही थोडेसे चाटून जाते. १५०६ साली हिंदुस्थानकडे निघालेल्या पोर्तुगीज आरमाराच्या प्रमुखाला हे बेट दिसले आणि त्याचेच नाव त्याला पडले. त्याच आरमारात आल्बुकर्क होता. त्यानेच पुढे १५१० साली गोवा घेतले.

काळ्या दगडाचे बेट

बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक ज्वालामुखीच. त्याचा व्यास जेमतेम बारा किलोमीटर, पण शिखर २,०६२ मीटर उंच. आपल्या कळसूबाईपेक्षा सुमारे चारशे मीटरने जास्त! बाजूंनी सरळ तुटलेले कडे आणि पायथ्याशी एका अंगाला थोडी सपाटी. गाव, गुरे, शेती सारे त्या सपाटीवर. दगड काळा, लाव्हारसाचा. हा दगड आपल्याला परका नाही. सह्याद्रीचे काळे कातळ आणि आपली कापसाची काळी जमीन हीसुद्धा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचीच देणगी आहे. फरक इतकाच, की आपल्याकडचा विस्तव केव्हाच विझला. तिथला अजून पोटात आहे.

गावापासून काही किलोमीटरवर बटाट्याची शेते आहेत. वारा इतका सोसाट्याचा, की पीक वाचवायला प्रत्येक तुकड्याभोवती काळ्या दगडांचे गडगे रचलेले. तिथले ऋतू आपल्या उलटे. आपल्याकडे गणपती-नवरात्र असते, तेव्हा तिथे वसंतातली बटाट्याची लागण चालते. सुट्टीत घरोघरची माणसे शेतावरच्या लहान खोपटांत मुक्कामाला जातात.

उंदरांचा उपद्रव तिथेही आहेच. वर्षातून एक दिवस सारे पुरुष टोळ्या करून उंदीर मारायला बाहेर पडतात आणि सगळ्यांत लांब शेपटी कोणी आणली याची चुरस लागते. नगदी उत्पन्न म्हणजे समुद्रातले शेवंड. कोकणातल्या मंडळींना ते ठाऊक आहे. हवा मानवेल त्या दिवशी घंटा वाजते आणि होड्या पाण्यात लोटल्या जातात.

गाईंची मोजदाद

या गावाची मूळ घडी मोठी विचार करण्याजोगी आहे. सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेल्या नेपोलियनला कोणी सोडवून नेऊ नये म्हणून १८१६ साली इंग्रजांनी इथे शिबंदी ठेवली. पुढच्याच वर्षी ती उठली, पण विल्यम ग्लास नावाचा एक स्कॉटिश शिपाई बायकामुलांसह मागे राहिला. त्याने आणि सोबत्यांनी १८१७ साली एक करार लिहून काढला : माल सर्वांचा, नफा समान वाटायचा आणि कोणी कोणाच्या वरचढ नाही.

काळ बदलला, पैसा आला, पण त्या कराराचे मूळ टिकून आहे. जमीन आजही साऱ्या गावाची. बाहेरच्या माणसाला ती विकत घेता येत नाही. कुटुंबामागे किती गुरे, किती मेंढरे पाळायची ते ठरलेले असते. कारण साधे आहे. कुरण एवढेसेच. एकाने दहा गाई वाढवल्या, तर दुसऱ्याच्या दोन उपाशी राहतील. ज्यांनी आपल्या गावचे गायरान डोळ्यांदेखत उजाड होताना पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

डोंगर फाटला तेव्हा

१९६१ साली या गावाची कसोटी लागली. आधी जमीन हादरू लागली, कड्यावरून दरडी कोसळू लागल्या. ऑक्टोबरमध्ये गावाच्या अगदी शेजारी जमीन फाटून लाव्हारस वर आला. साऱ्या गावाने ती रात्र बटाट्याच्या शेतांवर काढली. दुसऱ्या दिवशी होड्यांतून शेजारच्या नाइटिंगेल बेटावर आणि तिथून बोटीने केपटाऊनमार्गे इंग्लंड!

इंग्लंडमध्ये घरे मिळाली, नोकऱ्या मिळाल्या. वीज, दुकाने, सिनेमा सारे हाताशी आले. पण हवा मानवेना. काही म्हातारी माणसे छातीच्या दुखण्याने गेली. १९६२ च्या अखेरीस मतदान झाले. परत जाऊ म्हणणारे १४८, राहू म्हणणारे फक्त ५. आणि १९६३ साली गाव परतले. शेवंडांचा कारखाना लाव्ह्याखाली गडप झाला होता, होड्या लावायचा किनारा गेला होता. मागे राहिलेल्या कुत्र्यांनी मेंढरे फस्त केली होती. पण घरे बहुतेक उभी होती. पुन्हा बटाटे लागले, पुन्हा होड्या निघाल्या. पुढे काही कुटुंबे इंग्लंडला गेली हेही खरे. पण गाव राहिले.

पाहुण्याने काय पाहावे?

इथे जाण्यासाठी आधी बेटाच्या पंचायतीची परवानगी लागते. वर्षातून मोजक्याच बोटी. उतरायचे गावातल्या लोकांकडेच. पाहायचे म्हणाल, तर १९६१ चा तो काळा ढिगारा, डोळ्यांवर पिवळे तुरे मिरवणारे पेंग्विन, आणि पंख न हलवता वाऱ्यावर तरंगणारा अल्बाट्रॉस. शेजारच्या एका बेटावर तर जगातला सर्वांत लहान न उडणारा पक्षी राहतो. २०२० साली या लोकांनी आपल्या भोवतालच्या सुमारे सात लाख चौरस किलोमीटर समुद्रात मासेमारी बंद करण्याचे ठरवले. स्वतःपुरता थोडा भाग राखून.

शांतता शोधत माणसे तिथे जातात. पण ती काही नुसती समुद्राने दिलेली नाही. ज्या गावात गाई मोजून पाळतात, कुरण सर्वांचे मानतात आणि पोटापुरतेच समुद्राकडे मागतात, तिथे भांडायला फारसे काही उरत नाही. सात दिवसांचा समुद्र ओलांडणे आपल्यापैकी बहुतेकांना जमणार नाही. गायरानाच्या बांधावर चार माणसांनी एकत्र बसणे मात्र जमण्यासारखे आहे.