पेरणीआधी पाभर, वारीआधी मृदंग



रोहिणी नक्षत्र लागले की आपण पाभर बाहेर काढतो. फण सैल झालाय का, चाडे फुटलेय का, दोर कुजलाय का, हे सगळे पाऊस पडायच्या आधी बघून ठेवतो. वापसा आल्यावर सुताराकडे पळणाऱ्याची पेरणी मागे पडते, हे कुणाला सांगायची गरज नाही. ज्यांच्याकडे ट्रॅक्टरवरचे पेरणी यंत्र आहे, तेसुद्धा नळ्या साफ करून घेतातच.

याच दिवसांत दुसरीही एक तयारी असते, ती वारीची. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते. गावोगावच्या दिंड्या त्याआधीच गाव सोडतात. शिधा, तंबू, ट्रक, पाण्याचा टँकर यांच्या बैठका होतात, वर्गणी होते. देवळातल्या खुंटीवरचा मृदंग मात्र निघायच्या दिवसापर्यंत कुणी खाली काढत नाही. आज खते-बियाणे थोडे बाजूला ठेवून याच विषयावर चार गोष्टी सांगतो. त्यातली पहिली माझ्याच चुकीची आहे.

गवसणी ट्रकात राहिली

२०२४ च्या वारीत चार दिवस रजा टाकून मी आमच्या गावच्या दिंडीबरोबर चाललो. आमचे मृदंगवाले काका साठी ओलांडलेले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "साहेब, तुम्ही नुसते चालताय. मृदंगाची गवसणी अन् प्लॅस्टिकचा कागद तेवढा तुमच्याकडे ठेवा." मी हो म्हणालो.

लोणंद सोडले तेव्हा ऊन होते. ओझे कशाला वाहायचे म्हणून गवसणी नि कागद मी सामानाच्या ट्रकात टाकला. ट्रक पुढे तरडगावला निघून गेला. चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण बघून पुढे निघालो आणि पावसाची जोरदार सर आली. काकांनी अंगावरचे उपरणे काढून मृदंगावर टाकले, पण उपरण्याने काय होणार? दहा मिनिटांत दोन्ही पुड्या भिजल्या. थाप मारली तर ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज. काकांनी हात थांबवला. ओल्या पुडीवर जोर केला तर ती फाटते, शाई निघून येते. काका मला एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे वाटले असते.

मृदंग थांबल्यावर जे झाले ते मी पहिल्यांदाच बघितले. टाळ चालू होते, पण ज्याची त्याची लय वेगळी. पुढची तरणी पोरे भराभर निघाली, मधले रेंगाळले आणि मागे तुळशीवृंदावन घेतलेल्या बायाबापड्या पार तुटून पडल्या. दोन किलोमीटरमध्ये एका दिंडीचे तीन तुकडे झाले. तरडगावच्या तळावर मोजदाद केली तर एक आजी नाही.

ठेका म्हणजे चालीचा कासरा

दिंडीत वाद्ये करमणुकीसाठी असतात असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. आळंदी ते पंढरपूर ही अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट अठरा-वीस दिवसांत चालायची. चालणारे कोण? साठ-सत्तर वर्षांची माणसेही त्यात असतात. एवढी माणसे एका चालीने न्यायची तर कासरा लागतो, आणि तो कासरा म्हणजे ठेका.

भजनी ठेका आठ मात्रांचा. पाऊल आपोआप त्यावर पडते. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, मध्ये विणेकरी आणि मागे तुळस नि पाण्याचा हंडा घेतलेल्या महिला, अशी दिंडीची मांडणी असते. विणेकरी अभंग सुरू करतो, बाकीचे धरतात. त्याने चरण म्हणेपर्यंत टाळकऱ्यांना दम घ्यायला मिळतो. दिवे घाटात चढ लागला की जाणता मृदंगवाला लय उतरवतो, त्याबरोबर सगळ्या दिंडीचे पाऊल उतरते. म्हाताऱ्या माणसाला "हळू चाला" असे वेगळे सांगावे लागत नाही. वीणा ही तर दिंडीचा मान. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, जमिनीवर टेकवत नाहीत.

ही शिस्त घालून देणारे हैबतबाबा आपल्याच सातारा जिल्ह्यातले, आरफळचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप त्यांनी १८३२ च्या सुमारास दिले. फौज कशी चालते हे त्यांना ठाऊक होते. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रम, मुक्कामांना वेळ, चोपदारांना अधिकार, असे सगळे बसवलेले आहे.

टाळ वाजतो म्हणजे तक्रार आहे

ग्रामसेवक, सरपंच आणि सदस्य मंडळींनी या ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. चोपदार हातातला दंड उंच करतो आणि सगळे एकदम गप्प! हजारो माणसे असतात, पण आवाज नाही. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपला टाळ वाजवतच राहते. चोपदार त्या दिंडीकडे जातात, म्हणणे ऐकून घेतात. मग हरवल्या-सापडल्याची माहिती पुकारली जाते आणि आरती होते.

अर्ज नाही, आवक-जावक नाही, "उद्या या" नाही. ज्याचे गाऱ्हाणे त्याने टाळ वाजवायचा आणि ज्याच्याकडे अधिकार त्याने तिथे चालत जायचे. आपल्या ग्रामसभेत हे किती होते, ज्याचे त्याने बघावे. आम्हा खात्याच्या माणसांनाही यातून शिकण्यासारखे आहे.

त्या संध्याकाळी आमच्या दिंडीचा टाळ थांबला नाही. चोपदार आले, आजीचे वर्णन सांगितले, ते पुकारले गेले. आजी मागच्या एका दिंडीत सापडल्या. त्या लोकांनी कोरडे लुगडे दिले होते, चहा पाजला होता. आजी मला म्हणाल्या, "आपला मिरदंग ऐकू यायचा थांबला, मग कुठं जाऊ? जिथं वाजत होता तिथं गेले." एवढ्या गर्दीत त्या आवाजाच्या खुणेने चालत होत्या, हे मला तेव्हा कळले.

वाद्यात शेतकऱ्याचा माल

ही वाद्ये आपल्या शेताशी जोडलेली आहेत. मृदंगाचे खोड लाकडाचे, पुड्या चामड्याच्या आणि डाव्या पुडीला वाजवण्याआधी लावायची ती गव्हाची भिजवलेली कणीक. कणकेमुळे तिला घुमारा येतो. विणेचा भोपळासुद्धा रानातच पिकतो. तंतुवाद्ये बनवणारे मिरजेचे कारागीर कडू जातीचा, जाड सालीचा भोपळा वापरतात आणि तो मुख्यतः पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ या भागात भीमेकाठी पिकतो. वेलावर पूर्ण पक्व होऊ द्यायचा, मग चांगला वाळवायचा. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहे. पूर्वी हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी या कामात आली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे पंढरीच्या वाटेवर विणेकऱ्याच्या गळ्यात जो भोपळा असतो, तो पुष्कळदा पंढरीच्याच शिवारातला. तेव्हा त्याची निगा आपल्याला जड जाऊ नये.

निगा कशी राखावी

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी कोरोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. त्या काळात आमच्या देवळातला एक मृदंग खुंटीवरच राहिला. कणीक तशीच चिकटलेली, तिच्या वासाने उंदीर आले आणि पुडी कुरतडली. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) वाजवून झाले की कणीक लगेच काढावी, पुडी कोरड्या फडक्याने पुसावी. कणीक रात्रभर ठेवू नये.

२) पुडी भिजली तर चुलीजवळ किंवा कडक उन्हात धरू नये. एकदम वाळली की ती तडकते. सावलीत, वाऱ्याला ठेवावी आणि पूर्ण वाळेपर्यंत वाजवू नये.

३) गवसणी आणि मेणकापड मृदंगवाल्याच्या हाताशी असावे, ट्रकात नव्हे. (हे मी अनुभवाने सांगतो.)

४) वादी किंवा दोरी आणि गठ्ठे वारीच्या महिनाभर आधी तपासावेत. पुडी बदलायची तर तेव्हाच बदलावी. ज्येष्ठात कारागिरांकडे गर्दी असते.

५) टाळांच्या दोऱ्या दरवर्षी नव्या घालाव्यात. दोरी तुटून टाळ डांबरी सडकेवर पडला की त्याला चीर जाते, आणि चीर गेलेला टाळ बद्दच वाजतो.

६) वीणा ट्रकाच्या टपावर किंवा उन्हात ठेवू नये. वारीहून आल्यावर तारा थोड्या उतरवून ती कोरड्या जागी टांगावी.

वाजवणारा कुठून आणायचा?

मृदंग नवा आणता येतो, वाजवणारा बाजारात मिळत नाही. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. तिथे आणि आळंदीतल्या इतर ठिकाणी तयार झालेली मुले अनेक दिंड्यांना साथ करतात. चांगली गोष्ट आहे. पण वर्षाचे अठरा दिवस पाहुणा वाजवणार आणि बाकी वर्षभर मृदंग मुका राहणार, असे झाले तर गावचा ठेका गावात राहत नाही. काही ठिकाणी टेंपोवर कर्णा लावून ध्वनिफीत वाजवतात. कर्ण्याला मागे पडलेली आजी दिसत नाही. मृदंगवाल्याला दिसते, आणि तो लय उतरवतो.

२०२४ साली राज्य शासनाने दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये देण्याचे जाहीर केले होते. असा पैसा किंवा गावची वर्गणी येते, तेव्हा मंडपाबरोबर एक लहान मृदंग आणि शिकवणाऱ्याची दक्षिणा यांचाही विचार व्हावा. एकादशीच्या भजनाला दोन पोरे काकांशेजारी बसवली, तरी सुरुवात होते.

तरडगावच्या त्या रात्री मी काकांपुढे जाऊन चूक कबूल केली. काका म्हणाले, "साहेब, पाभर भिजली तर चालते, ह्याला नाही चालत." दुसऱ्या दिवशी शेजारच्या दिंडीने आपला जादा मृदंग दिला आणि फलटणपर्यंत आमची दिंडी पुन्हा एका चालीने गेली. गवसणी माझ्या खांद्यावर होती.

तेव्हा मंडळी, रोहिणीत पाभर काढाल त्याच दिवशी देवळात जाऊन मृदंगही खाली काढा. एक थाप मारून बघा, आणि शेजारी एखादे पोरगे बसवा.